पूररेषेखालचं दगडफूल

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात वसंत म्हणजे चिखल. बर्फ वितळतं, जंगलातल्या सखल जागा तुडुंब भरतात आणि ॲशची, मेपलची झाडं पाण्यात उभी राहतात. उन्हाळ्यात हेच पाणी आटून जातं. मग उरतो कुजका पाला आणि प्रत्येक खोडावर पाण्याच्या पातळीची मळकट रेघ.

या रेघेच्या खाली बघा. सालीवर निळसर करडे, सुरकुतलेले पापुद्रे आहेत. त्यावरच्या तांबूस-तपकिरी टिकल्या म्हणजे बीजाणू तयार करणाऱ्या वाट्या. हे 'लेप्टोजियम रिव्ह्युलेर', एक जेली लायकेन. आत्ता ते कोरडं आहे, बोटाने दाबलं तर मोडेल. पिचकारीने थोडं पाणी उडवलं की बघता बघता फुगतं, गडद होतं, बुळबुळीत होतं.

लायकेन आपल्या स्वयंपाकघरात असतंच. गोड्या मसाल्यातलं दगडफूल तेच: बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. पण दगडफुलात सगळं थराथराने रचलेलं असतं. वर बुरशीची साल, तिच्याखाली हिरवं शैवाल, त्याखाली सैल तंतू. जेली लायकेनला ही शिस्त ठाऊक नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो नुसता गर आणि त्यात बुरशीचे तंतू व नॉस्टॉकच्या माळा एकमेकांत गुंतलेल्या. नॉस्टॉक म्हणजे शाळेत शिकलेलं नीलहरित शैवाल, खरं तर जीवाणू. गरही मुख्यतः त्याचाच. लेप्टोजियमवर निदान एका पेशीच्या जाडीची त्वचा तरी असते, त्याच्या भाऊबंदांपैकी कोलेमाला बहुधा तीही नसते.

माळेत मधूनच एक फिकट, जाड भिंतीची पेशी दिसते. हवेतला नायट्रोजन वापरण्याजोगा करण्याचं काम तिचं. ते करणाऱ्या विकराला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून तो बाहेर ठेवायला ही जाड भिंत.

लायकेन हे दोन जीवांचं मिळून बनतं, असं स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये सांगितलं तेव्हा त्यांची भरपूर टिंगल झाली. 1871 मध्ये माक्स रेस यांनी कोलेमाचे बीजाणू नॉस्टॉकवर रुजवून दाखवले. तरी वाद काही लगेच मिटला नाही.

पण लेप्टोजियमला पूर कशाला हवा? हिरवं शैवाल असलेली बरीच लायकेन नुसत्या दमट हवेवर जागी होऊन अन्न बनवू लागतात. नॉस्टॉकचं तसं नाही, त्याला द्रवरूप पाणीच लागतं, वाहतं किंवा साचलेलं. ते पाणी मात्र योग्य वेळी ओसरलंही पाहिजे. बीव्हर या प्राण्याने बांध घातला आणि डबकं बारमाही झालं, तर झाडं गुदमरून मरतात आणि लायकेनचा आधारच जातो. उलट कोणी चर खणून जागा कोरडी केली, तरी खेळ संपला. ब्रिटनमधलं 'कोलेमा डायकोटोमम' हे नात्यातलं लायकेन ओढ्यांतल्या खडकांवर पाण्याखालीच राहतं, त्याला तिथल्या 1981 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ओंटारिओतल्या या लायकेनचं गणित त्याहून अवघड, असं मला वाटतं. कारण इथे नुसती जागा राखून भागत नाही, पाण्याचं वेळापत्रकही राखावं लागतं.

कॅनडात 2004 मध्ये त्याला धोक्यातल्या जातींमध्ये गणलं गेलं. पुढे जाणकार रेघेखाली वाकून बघू लागले, नवी ठिकाणं सापडली आणि 2015 मध्ये त्याचा दर्जा 'विशेष काळजीची जात' असा सौम्य झाला.

तरी ॲशची काळजी आहेच. एमरल्ड ॲश बोरर हा पूर्व आशियातून आलेला हिरवा, चकाकता भुंगेरा उत्तर अमेरिकेत 2002 मध्ये ओळखला गेला. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे कोरतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. लायकेनला तो शिवतही नाही. पण ॲश हे पाणी पिणारं झाड. दलदलीतले ॲश मेले की भूजल वर येतं आणि पाणी जास्त दिवस साचून राहतं. मेपल असलेल्या डबक्यात लायकेनला दुसरं खोड मिळू शकतं. जिथे नुसते ॲशच आहेत, तिथे खोड आणि वेळापत्रक दोन्ही एकदमच जातात.