पंचनामा कोण करणार?

(फिल्म सोसायटीच्या उन्हाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागच्या महिन्यात याच सभागृहात मी जपानी सिनेमावर बोललो तेव्हा पंधरा माणसं होती, त्यातली दोन चुकून आलेली. आज विषय ऐंशीच्या दशकातले हॉलिवूडचे पोलिसपट, तर मागे सतरंज्या अंथराव्या लागल्या आहेत. तेव्हा आवडीनिवडीचा प्रश्न निकालात निघाला असं धरून चालू.

आमचे थोरले मामा तालुक्याच्या ठाण्यात हवालदार होते. 1990 च्या मे महिन्यात घरात मुंज होती, पाहुणे मुक्कामाला होते आणि एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्यानं आणला होता. दोन हिंदी सिनेमे संपल्यावर, बायका झोपल्यावर, रात्री दीडच्या सुमारास कोणीतरी ‘डाय हार्ड’ची कॅसेट घातली. प्रिंट अशी की पडद्यावर सतत पाऊस पडतोय असं वाटावं. इंग्रजी कोणाला धड कळत नव्हतं, पण कोणाचं काही अडलं नाही. अनवाणी ब्रूस विलिस फुटलेल्या काचांवरून पळतो आणि मग बाथरूममध्ये बसून तळव्यातून काचा उपसतो, तेव्हा खुर्चीवर बसलेल्या मामांनी स्वतःच्या पायाची बोटं आखडून घेतलेली मी पाहिली. सिनेमा संपला, सगळे भारावलेले, आणि मामा जांभई देत म्हणाले, “एवढ्या मढ्यांचा पंचनामा कोण करणार रे?”

आज मला या दोन गोष्टींबद्दलच बोलायचं आहे. आखडलेली बोटं आणि न झालेला पंचनामा.

आधी बोटं. या सिनेमांना नावं ठेवणारे लोक म्हणतात की त्यात नुसती मारामारी असते. ज्यांनी लक्ष देऊन पाहिलं नाही तेच असं म्हणू शकतात. 1988 चा ‘डाय हार्ड’ घ्या. दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन. लॉस एंजलिसमधली एक उंच इमारत, आत घुसलेली सशस्त्र टोळी आणि तिच्याशी झुंजणारा एकटा पोलीस. इमारत प्रत्यक्षात निर्मात्या स्टुडिओचीच, नवीकोरी होती. जिने, लिफ्टचे बोगदे, वातानुकूलनाच्या नळ्या, अर्धवट बांधलेले मजले हे सगळं अर्ध्या तासात तुमच्या असं अंगवळणी पडतं की तिथे तुम्ही स्वतः वॉचमनची नोकरी करू शकाल. कोण कुठल्या मजल्यावर आहे हे कळतं, म्हणून भीती वाटते. आजच्या महागड्या मारधाडपटांत कोण कुठे उभा आहे हेच कळत नाही, मग भ्यायचं कशाला?

आणि तो नायक. विलिस तेव्हा टीव्हीवरच्या हलक्याफुलक्या मालिकेचा नट. त्याला घाम येतो, तो घाबरतो, स्वतःशीच पुटपुटतो, नुकताच बायकोशी भांडलेला आहे. त्याचा बनियन सिनेमाभर मळत जातो. कपडेपटाच्या माणसाला माझा सलाम आहे, कारण त्या बनियनवर वेळ कळते. त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘लीथल वेपन’मध्ये मेल गिब्सनचा रिग्ज बायको गेल्यापासून जगण्याला कंटाळलेला, रात्री तोंडात पिस्तूल धरून रडणारा माणूस आहे, आणि त्याचा जोडीदार डॅनी ग्लोव्हर सिनेमाच्या सुरुवातीला पन्नाशीत पाऊल टाकतो, तेही आंघोळीच्या टबात, बायकामुलं केक घेऊन आत शिरलेली. दमलेली, दुखरी, संसारी माणसं. उड्या खऱ्या, आगी खऱ्या. डार रॉबिन्सन नावाचा नामांकित स्टंटमन त्या सिनेमाचं काम झाल्यावर दुसऱ्या एका चित्रीकरणात 1986 मध्ये गेला, आणि ‘लीथल वेपन’ त्याला अर्पण केलेला आहे. त्या काळात पडद्यावर माणूस पडायचा तेव्हा कोणीतरी खरोखर पडलेलं असायचं.

विनोदही विसरू नका. 1984 चा ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ आधी सिल्व्हेस्टर स्टॅलोन करणार होता. त्याला त्यात हाणामारी वाढवायची होती, निर्मात्यांना ती नको होती, तो बाहेर पडला आणि भूमिका एडी मर्फीकडे गेली. मर्फी गोळ्यांपेक्षा थापा जास्त मारतो. स्टॅलोननं आपल्या डोक्यातली मारधाड जपून ठेवली आणि 1986 मध्ये ‘कोब्रा’ काढला. एकाच बीजातून उगवलेली ही दोन झाडं कोणी लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहावीत, माझं निम्मं भाषण वाचेल.

आता पंचनामा.

या सगळ्यांचा आजोबा 1971 चा. डॉन सीगलचा ‘डर्टी हॅरी’, इन्स्पेक्टर हॅरीच्या भूमिकेत क्लिंट ईस्टवुड, शहर सॅन फ्रान्सिस्को. स्कॉर्पिओ नावाचा खुनी एका मुलीला पुरून ठेवतो आणि खंडणी मागतो. हॅरी वॉरंटशिवाय त्याच्या खोलीत घुसतो, पळणाऱ्याला स्टेडियमच्या मधोमध पायात गोळी घालतो आणि त्या जखमेवर बूट ठेवून विचारतो, मुलगी कुठे आहे. खुनी ओरडतो, मला वकील हवा. कॅमेरा हेलिकॉप्टरमधून वर वर जातो, ते दोघं ठिपक्याएवढे होतात आणि धुक्यात दिसेनासे होतात. पुढे काय झालं ते आपल्याला दाखवत नाहीत. हे शालीन वाटतं, पण विचार करा, साक्षीदाराला हाताला धरून बाहेर नेलं की नाही?

मग सरकारी वकील हॅरीला झापतो. पुरावा बेकायदा मिळवला, खटला उभा राहत नाही, आरोपी सुटणार. हे वातावरण हवेतून आलेलं नव्हतं. 1966 मध्ये मिरांडा खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की कोठडीतल्या माणसाची चौकशी करण्याआधी त्याला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क समजावून सांगा. त्याच सुमारास गुन्हे वाढत गेले, आणि 1980 साली तिथे लाख माणसांमागे दहा खून होत होते. भीती खरी होती. भीतीला उत्तर म्हणून मात्र लोकांना बूट विकला गेला.

त्या वेळी ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात समीक्षक पॉलीन केलनं या सिनेमाला फॅसिस्ट म्हटलं होतं. मला तो शब्द पुरत नाही. माझी तक्रार कारागिरीच्या अंगानं आहे, आणि ती अशी: या सिनेमांत गुन्हा होताना आपण आधीच पाहिलेला असतो. रायफल कोणी चालवली, चेहरा कोणाचा, हसला कोण, सगळं कॅमेऱ्यानं दाखवलेलं. त्यामुळे पुरावा, वॉरंट, वकील, साक्ष हा सगळा प्रपंच आपल्याला फालतू वाटायला लागतो. आपल्याला माहीतच आहे ना, मग घाला गोळी! पण कायदा ज्या माणसासाठी लिहिला आहे त्याला माहीत नसतं. आमच्या मामांना कधीच माहीत नसायचं. तीस वर्षांच्या नोकरीत एकही खून त्यांच्यासमोर झाला नाही. ते नेहमी नंतर पोचायचे, आणि मग वही काढून विचारायला सुरुवात. प्रेक्षकाला देवाच्या जागी बसवायचं आणि मग विचारायचं, तुला शंका आहे का? हा डाव इतका बेमालूम आहे की ‘कोब्रा’त तर कष्टही घेतलेले नाहीत. स्टॅलोन सुरुवातीलाच घोगऱ्या आवाजात आकडे वाचतो, दर 24 मिनिटांना एक खून वगैरे, आणि शेवटी गुन्हेगारालाच सांगतो की इथे कायदा संपतो आणि मी सुरू होतो. मधल्या वेळात तो पिझ्झा कात्रीनं कापून खातो. सिनेमातला तेवढाच एक माणसासारखा क्षण.

हे पडद्यापुरतं राहिलं असतं तर मी आज गप्प बसलो असतो. 1983 च्या ‘सडन इम्पॅक्ट’मध्ये हॅरी ओलीस धरणाऱ्या दरोडेखोरावर पिस्तूल रोखून म्हणतो, चल, कर हिंमत, माझा दिवस सोन्याचा कर. दोन वर्षांत, मार्च 1985 मध्ये, राष्ट्राध्यक्ष रेगन करवाढीच्या विधेयकाला नकाराधिकाराची धमकी देताना हेच वाक्य वापरतात. करवाढीला! करवाढ मागणाऱ्या लोकप्रतिनिधींना उद्देशून, दरोडेखोराला घातलेला दम.

पण मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट माझ्या सर्वांत आवडत्या सिनेमात आहे, म्हणून ती जरा थांबून सांगतो. ‘डाय हार्ड’मध्ये इमारतीखाली पॉवेल नावाचा गोड, जाडसर सार्जंट आहे. वॉकीटॉकीवर तो नायकाला धीर देतो. तो सांगतो की मी आता टेबलावरचं काम करतो, कारण एकदा माझ्या गोळीनं एक तेरा वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या हातात खेळण्यातली बंदूक होती. तेव्हापासून मला कोणावर पिस्तूल उगारता येत नाही. रेजिनाल्ड वेलजॉन्सन हे इतकं साधेपणानं बोलतो की गळा दाटतो. आणि शेवटी? मेलेला वाटलेला गुंड उठतो, पॉवेल पिस्तूल काढतो, धडाधड गोळ्या घालतो, संगीत उचंबळतं. बरा झाला. त्या मुलाचं नाव सिनेमात नाही, त्याची आई नाही. मुलगा मेला ही पोलिसाची जखम, आणि पुन्हा मारता आलं हा तिच्यावरचा इलाज. मी विशीत टाळ्या वाजवल्या होत्या. 2014 मध्ये क्लीव्हलंडला खेळण्यातलं पिस्तूल घेतलेल्या बारा वर्षांच्या मुलाला पोलिसानं गोळी घातल्याची बातमी वाचली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो पॉवेल. त्यानंतर तो शेवट मी पूर्ण पाहिलेला नाही.

आपल्याकडे याच दशकात, 1983 मध्ये, दुसरी वाट काढली गेली. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’. ओम पुरीचा वेलणकरही रागावलेला, वरिष्ठांनी कोंडलेला सब-इन्स्पेक्टर. पण तो राग निघतो एका भुरट्या चोरावर, कोठडीत, दारूच्या अमलाखाली, आणि तो चोर मरतो. इथे बुटाखाली कोण आहे ते कॅमेरा दाखवतो, आणि ते निस्तरण्यासाठी वेलणकरला ज्याच्याविरुद्ध लढायचं त्या रामा शेट्टी नावाच्या गुंड पुढाऱ्याच्याच दारात जावं लागतं. मामांना मी हा सिनेमा मुद्दाम दाखवला. ते मध्येच उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. मी विचारलं नाही.

वेळ संपत आली, आयोजक घड्याळ दाखवताहेत. जाता जाता एक गंमत सांगतो, घरी जाऊन पडताळा. ‘डर्टी हॅरी’तला स्कॉर्पिओ, तोच वकील मागणारा, अँड्र्यू रॉबिन्सन नावाच्या नटानं केला होता. पंधरा वर्षांनी ‘कोब्रा’त नायकाला कायद्याची आठवण करून देणारा, नियमांत वागा म्हणणारा एक अधिकारी आहे. शेवटी कोब्रा त्याला ठोसा मारतो आणि हसत मोटरसायकलवरून निघून जातो. नट तोच, अँड्र्यू रॉबिन्सन. आधी हक्क मागितला म्हणून, नंतर नियम सांगितला म्हणून, मार दोन्ही वेळा त्यालाच. आणि आमच्या गावच्या व्हिडिओ सेंटरमध्ये दोन्ही वेळा शिट्ट्या पडल्या, त्यातली एक माझी.