लसणावर बुरशी? पंप उचलायच्या आधी एक झाड उपटा

लसणाची पात पिवळी पडली रे पडली की पंप पाठीवर! थांबा. आधी एक झाड उपटा आणि बूड बघा.

हे बघा, कॅमेऱ्याजवळ आणतो. बुडाशी कापसासारखी पांढरी बुरशी, त्यात खसखशीएवढे काळे दाणे. ही पांढरी सड. इथे पातीवर कितीही औषध मारा, पैसे पाण्यात. हे दाणे मातीत 20 वर्षंसुद्धा तग धरतात, आणि त्यांना जागं कोण करतं माहितीये? लसूणच! त्याच्या मुळांतून जी गंधकाची संयुगं झिरपतात, त्यांचा सुगावा लागला की दाणे रुजतात. कांद्याच्या मुळांमुळेही ते असेच रुजतात.

यावरूनच एक युक्ती निघाली. रिकाम्या रानात लसणाची पूड मिसळायची. दाणे फसून रुजतात, मूळ काही सापडत नाही, उपाशी मरतात. मातीतले दाणे बरेच कमी होतात, पण सगळे संपत नाहीत. म्हणून रोगट झाड भोवतालच्या मातीसकट काढा, कंपोस्टमध्ये तर अजिबात टाकू नका, आणि त्या रानातली अवजारं, बूट धुतल्याशिवाय दुसऱ्या रानात जाऊ नका. बेणं निरोगी पिकाचंच घ्या. हा रोग बहुतेक वेळा आपणच घरी आणतो.

बूड स्वच्छ आहे, पण पातीवर खोलगट पांढरे ठिपके, मग मधोमध जांभळे चट्टे? हा जांभळा करपा, आणि हा आटोक्यात येतो. पात रात्रभर ओली राहिली की त्याचं फावतं, म्हणून संध्याकाळी तुषार सिंचन लावू नका. फुलकिडेही बघा, त्यांनी खरवडलेल्या जागेतून बुरशी सहज आत शिरते. पहिले ठिपके दिसताच मॅन्कोझेब हे बुरशीनाशक फवारा. ते वरवर राहतं, नवीन लागण रोखतं. रोग पसरायला लागला तर टेब्युकोनॅझोलसारखं आंतरप्रवाही, म्हणजे पातीच्या आत भिनणारं औषध. एकच औषध परत परत नको, बुरशीला सवय होते. आणि फवारा पातीला चिकटवणारं स्टिकर घालाच! लसणाची पात मेणचट, नुसतं पाणी ओघळून जातं. प्रमाण आणि काढणीआधी किती दिवस फवारणी बंद, हे डब्याच्या लेबलवर बघा.

पातीवर नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा, हाही बुरशीचाच रोग. युरियाचा हात आवरा, दाटी टाळा.

अजून एक. गड्डे आठवडाभर आधी फोडून ठेवता ना? कुड्यांच्या जखमांवर निळी बुरशी बसते, आणि मग लावलेली कुडी उगवतच नाही. लावणीच्या तोंडावर फोडा, आणि मऊ पडलेली कुडी बाजूला काढा.