उघड्या टपाची जुनी गाडी घेताना

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात माग होता, काहींच्या घरात अजूनही चालतो. त्यामुळं आजच्या विषयाला मी कापडाच्या बाजूनं हात घालतो. माझे वडील जीपची आणि रिक्षाची हुडं शिवायचे. तेच काम पुढं माझ्याकडं आलं. गेल्या काही वर्षांत त्यात नवीन गिऱ्हाईक आलंय: पुण्या-मुंबईहून जुनी कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडणारी गाडी, घेऊन आलेला तरुण. बीएमडब्ल्यूची झेड-फोर, मर्सिडीजची एसएलके, पोर्शची बॉक्स्टर, एखादी मिनी. नवी असताना जिच्याकडं नुसतं बघायचं, ती गाडी दहा-बारा वर्षांनी आवाक्यात येते. त्या हौशीबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच ही पोरं फसलेली बघवत नाहीत.

बघायला जाताना सगळे सोबत मेकॅनिक नेतात आणि बॉनेट उघडतात. इंजिन बघावंच. पण या गाडीत सगळ्यात आधी पाण्याची वाट बघा. साध्या गाडीचं छत म्हणजे पत्र्याचा एकसंध डबा, त्यावरचं पाणी घसरून खाली जातं. उघडणाऱ्या टपाचं तसं नसतं. कापडावरून आलेलं पाणी सीटच्या मागं, टप घडी होऊन बसतो त्या खोबणीत उतरतं, आणि तिथून बारीक नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढं जमिनीवर पडतं. ही नळी तुंबली की पाणी आत वळतं. जुन्या बॉक्स्टरमध्ये सीटखाली इमोबिलायझरचा, म्हणजे खरी किल्ली ओळखून मगच गाडी चालू होऊ देणारा, डबा असतो, तो भिजला की गाडी किल्लीलाच ओळखत नाही. २००२ साली आलेल्या पहिल्या झेड-फोरमध्ये टप चालवणारी मोटर त्याच खोबणीच्या तळाशी बसवलेली आहे. नळी तुंबली की मोटर बुडते. माझदाच्या जुन्या एमएक्स-५ मध्ये हेच पाणी दाराखालच्या पट्टीत साचून मागच्या चाकाजवळ पत्रा आतून खातं.

आता आपल्या सोलापूरची अडचण ऐका. आपण गाड्या बघायला जातो ते एप्रिल-मे महिन्यांत, लग्नसराईच्या आसपास. ऊन त्रेचाळीसपर्यंत गेलेलं, सगळं कसं कोरडंठाक. आपल्याकडं खरा पाऊस येतो सप्टेंबरात. एका ओळखीच्या पोरानं मे महिन्यात पुण्याहून लाल टू-सीटर आणली. चार महिने तो नुसता आनंदात होता. सप्टेंबरच्या एका रात्री धो धो पाऊस झाला आणि सकाळी गाडीचं लॉकच उघडेना. माझ्याकडं ओढून आणली. सीट काढून कारपेटचा कोपरा उचलला. वरून कारपेट जेमतेम दमट होतं. खालचा फोम हातानं दाबला तर वाटीभर पाणी निघालं. वायरींच्या जोडांवर हिरवट बुरा होता, म्हणजे हे पाणी एका रात्रीचं नव्हतं, आधीच्या मालकाच्या पावसाळ्यांपासून तिथं मुरत आलेलं होतं. नळीच्या तोंडाशी कडुलिंबाच्या काड्या आणि मातीचा गोळा, अगदी लिंपल्यासारखा बसलेला.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, बघायला जाताना पाण्याचे दोन कॅन घेऊन जा. टप लावून वरून सावकाश पाणी ओता आणि चाकापुढं दोन्ही बाजूंनी धार पडते का ते वाकून बघा. एका बाजूला पडली आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर दुसऱ्या बाजूचं कारपेट उचलायला सांगा. मालक नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. त्याआधी काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात आत बसा. ओल्या पोत्यासारखा वास आला की समजायचं. उग्र सेंट मारलेला असेल तर तोही का मारलाय ते विचारा. आणि नळी साफ करताना हवेचा पाइप लावू नका, दाबानं ती आतल्या आत निखळते. जाड नायलॉनची दोरी हळूहळू सरकवायची.

आता कापड. या टपाचं कापड बहुधा तीन थरांचं असतं: वर विणलेलं अॅक्रिलिक, मध्ये रबर, आत अस्तर. तुम्हाला ताणा आणि बाणा कळतो, तोच डोळा इथं लावा. भर दुपारी टप लावून आत बसा आणि घडीच्या रेषांवर नजर फिरवा. जिथं लोखंडी कमान कापडाला घासते तिथं उजेडाचे टिपके दिसले, तर ते कापड संपलं. कापड धड आणि शिलाई कुजलेली, असंही होतं, कारण ऊन आधी दोऱ्याला खातं. शिवण दोन्ही अंगठ्यांनी अलगद ताणून बघा. रंग देऊन कापड काळंभोर केलेलं असेल तर ओला पांढरा रुमाल घासा, रुमाल सांगेल. मागची काच प्लॅस्टिकची असेल तर पिवळेपणा आणि घडीची चीर बघा, काचेची असेल तर कडेचा गम सुटलाय का बघा. दारावरच्या रबरात नख दाबा. खूण भरून आली तर रबर जिवंत आहे. आपल्या उन्हात रबर फार लवकर पापडासारखं होतं.

पत्र्याचा टप असलेल्या गाड्यांत, म्हणजे १९९६ पासूनची एसएलके किंवा २००९ ते २०१६ मधली झेड-फोर, कापडाची काळजी मिटते आणि हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबानं टप हलवणाऱ्या यंत्रणेची, सुरू होते. इंजिन चालू ठेवून टप दोनदा उघडा, दोनदा लावा. दोन्ही बाजू एकाच चालीनं हलल्या पाहिजेत. डिकीच्या कोपऱ्यांत आणि पंपाजवळ तेलाचा ओघळ शोधा. डिकीतला सामानाचा पडदा जागेवर ओढलेला नसेल तर टप हलतच नाही, तेवढ्यावरून गाडी नापास करू नका. मात्र "बॅटरी उतरलीय, नंतर दाखवतो" असं कुणी म्हणालं तर टप चालताना बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

छत नसल्यामुळं गाडीची सगळी ताकद तळात असते. म्हणून रॅम्पवर चढवून खालून बघा. या गाड्या जमिनीला लागून असतात, आपल्या गतिरोधकांनी तळ खरवडलेला असतोच. ओरखडा चालेल, वेल्डिंग चालणार नाही. एक कोपरा जॅकवर घेऊन दार उघडा-लावा. दार अडकायला लागलं तर अपघाताची चौकशी करा.

कमी किलोमीटर ऐकून हुरळू नका. उभी राहिलेली गाडीही म्हातारी होते. टायरवर चार आकडे असतात, ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी कोरी आणि टायर सात वर्षांचा, असं सर्रास दिसतं. बॉक्स्टर २००९ च्या आधीच्या मॉडेलची असेल तर इंजिनातल्या आयएमएस बेअरिंगचं (आतला एक मधला दांडा ज्यावर फिरतो ते) काय केलंय त्याचं बिल मागा. ते बेअरिंग फुटलं तर इंजिनच जातं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलायला २९ आणि ३०. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५. चासी नंबर स्वतः वाकून आरसीशी ताडून बघा. पंधरा वर्षं भरत आली असतील तर फेरनोंदणीचा खर्च किमतीत धरा.

मघाशी एका ताईंनी विचारलं, गाडी दारात झाडाखाली उभी असते, वर प्लॅस्टिकचं कव्हर टाकलं तर चालेल का? ताई, प्लॅस्टिकखाली घाम साचतो आणि कापडाला बुरशी धरते. हवा खेळणारं कव्हर घ्या, टप ओला असताना घडी घालू नका, आणि झाड कडुलिंबाचं असेल तर मृगाच्या आधी एकदा त्या दोन नळ्या मोकळ्या करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, माझ्याकडं आणलीत तर तुमच्यासमोर करून दाखवीन.