पोटातला गोळा

नमस्कार श्रोतेहो.

मिरजेला तपासायला आलेला माणूस सोनोग्राफीचा कागद पुढे करतो आणि बसायच्या आतच विचारतो, "डॉक्टर, कॅन्सरच हाय न्हवं?" कागदावर असतं, लिव्हरमध्ये मोठी गाठ. माणूस जत, आटपाडी किंवा माणदेशाकडचा असला, तर मी उलट विचारतो, "दारात कुत्रं आहे का?" बरोबरचे पाहुणे एकमेकांची तोंडं बघायला लागतात.

पण विचारावं लागतं. कारण ती गाठ हायडॅटिडची असू शकते. हायडॅटिड म्हणजे पाण्याची गाठ, आणि ती होते एका जंतामुळे. जेमतेम अर्धा सेंटीमीटर लांबीचा हा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो. विष्ठेतून पडलेली त्याची अंडी मेंढरं गवताबरोबर खातात आणि गाठ त्यांच्या काळजात वाढते. जत्रेत बकरं पडलं, खराब काळीज कुत्र्यापुढे फेकलं, की जंत पुन्हा कुत्र्याच्या पोटात. आपल्याला हा आजार मटणातून होत नाही. कुत्र्याला कुरवाळलेल्या हातातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून होतो. त्यामुळे माळकऱ्यालाही चुकत नाही.

गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. ऑपरेशनला पोट उघडलं की आम्ही आधी तिच्याभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले कपडे ठासून बसवतो. आतलं पाणी दिसायला अगदी नितळ, पण पोटात सांडलं तर टेबलावरच पेशंटचं ब्लडप्रेशर कोसळू शकतं, आणि पुढं जागोजागी नव्या गाठी होतात त्या वेगळ्याच. पाणी ओढून घेतलं की आत पांढरं, लिबलिबीत आवरण दिसतं आणि कधीकधी तासगावच्या द्राक्षांसारख्या पिल्लगाठी. पुढं अल्बेंडाझोलच्या, म्हणजे जंतावरच्या गोळ्या. केमोथेरपी नाही, काही नाही.

आता उलट बाजू. बायकांचं पोट वाढलं की घरचे म्हणतात, "वय झालं, सुटलं असेल." अमेरिकेत 1809 साली जेन क्रॉफर्ड या बाईंना पोटात जुळं आहे असं वाटत होतं. डॉक्टर मॅकडॉवेल यांनी तपासून सांगितलं, ही अंडाशयाची गाठ आहे. भुलीचा शोध लागायचा होता. तशातच सुमारे 25 मिनिटांत त्यांनी दहा किलोंची गाठ काढली आणि बाई पुढं तीस वर्षांहून जास्त जगल्या! आज सोनोग्राफी तालुक्याला होते, तरी पोट डेऱ्याएवढं झाल्यावरच बाईला आणतात. याचा मला खरोखर राग येतो.

आणखी एक दुर्मीळ आजार सांगतो, स्यूडोमिक्सोमा. सुरुवात बहुधा अपेंडिक्समधल्या छोट्या गाठीतून होते. ती फुटली की घट्ट, चिकट स्राव पोटभर साचत जातो. मग मोठं ऑपरेशन, आणि पोटातच सुमारे 42 अंशांपर्यंत गरम केलेलं केमोचं औषध फिरवायचं. म्हणून अपेंडिक्स काढलं असेल तर ते पॅथॉलॉजीला, म्हणजे लॅबमध्ये तपासायला पाठवलं का, हे विचारा. टाके काढायला जाल तेव्हा रिपोर्ट मागून घ्या, फाईलला लावा. बरेच जण तो न्यायलाच येत नाहीत.