दहा सेकंदांचे स्वगत

(दृश्य : खेड्यातील एका सभागृहाचे बंद दार. कॅमेरा हळूहळू कडीजवळ जातो.)

या दाराची कडी नाठाळ आहे. ती नीट सरकवली नाही, तर दार बाहेरून आपोआप लागते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाच्या आरंभी लीला बेणारे ही शाळाशिक्षिका आणि सामंत हा गावातला साधा माणूस याच दारातून आत येतात, कडीने तिचे बोट दुखावते आणि प्रेक्षक ती गोष्ट लगेच विसरूनही जातो. पुढे बाईंना इथून निघून जावेसे वाटते, तेव्हा तीच कडी अडकलेली असते.

१९६७ च्या डिसेंबरात ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने हे नाटक मुंबईत रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. पार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या काही हौशी मंडळींशी त्यांची गाठ पडली आणि त्यांच्या गप्पांतून नाटकाची कल्पना सुचली, असे तेंडुलकरांनी सांगितलेले आहे. नाटकातली मंडळीही तशीच आहेत. रात्री अणुशस्त्रांच्या प्रश्नावर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर खटला चालवायचा आहे. हाताशी वेळ आहे, सामंताला कोर्टाची रीत माहीत नाही, तेव्हा गंमत म्हणून एक लुटुपुटूचा खटला चालवू, असे ठरते. आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभे केले जाते आणि आरोप ठेवला जातो भ्रूणहत्येचा, कलम ३०२ खाली.

हे कलम खुनाच्या शिक्षेचे होते. गर्भपात घडवून आणण्याच्या गुन्ह्यासाठी भारतीय दंडविधानात ३१२ हे वेगळे कलम होते. या मंडळींना कायद्याची अक्षरे पाठ आहेत, अर्थाशी त्यांना कर्तव्य नाही, हे तेंडुलकर एका आकड्यात दाखवून देतात.

(दृश्य : रिकाम्या रंगमंचावर आठ खुर्च्या. एकीवर काळा झगा टाकलेला आहे.)

खुर्च्यांवर बसणारी माणसे नीट पाहावीत. सुखात्मे वकील आहेत, पण त्यांच्याकडे पक्षकार फारसे फिरकत नाहीत. पोंक्षे स्वतःला शास्त्रज्ञ समजतो आणि इंटरला नापास झालेला आहे. रोकडे हा खेळात न्यायाधीश होणाऱ्या काशीकरांच्या घरी वाढला, त्यामुळे त्याला त्यांच्यापुढे मान वर करता येत नाही. मिसेस काशीकरांनी तोंड उघडले की नवरा त्यांना गप्प बसवतो. बाहेरच्या जगात यांतल्या कोणाचेच फारसे कोणी ऐकत नाही. कोर्टाचा खेळ सुरू होताच मात्र प्रत्येकाला एक आवाज मिळतो, आणि तो आवाज वापरण्यासाठी समोर एक एकटी बाई मिळते. नाटकातली क्रूरता दुष्ट माणसांकडून येत नाही, ती या हरलेल्या माणसांच्या उत्साहातून येते. म्हणूनच ती पाहताना प्रेक्षक आधी हसतो आणि मग हसल्याबद्दल अवघडतो.

बेणारेबाईही गरीब गाय नव्हेत, हे अनेक समीक्षक सौम्यपणे टाळतात. खेळ सुरू होण्याआधी सामंताशी बोलताना त्या या सगळ्यांची एकेक करून टर उडवतात, आणि त्यांचे बोलणे बोचरे तर आहेच, पण अचूकही आहे. खटला म्हणजे त्या थट्टेची परतफेड आहे, असे म्हणण्याइतका आधार संहितेत आहे. या तीक्ष्णपणामुळेच ही व्यक्तिरेखा जिवंत राहते, केवळ करुणेचा विषय होत नाही.

खेळाचे खऱ्यात रूपांतर कधी होते, ते नेमके सांगता येत नाही, आणि लेखकाचे खरे कसब तिथेच आहे. सामंत साक्षीला उभा राहतो, पण त्याला काहीच ठाऊक नसते. मग तो जवळच्या एका कादंबरीतला मजकूर आठवून आठवून सांगू लागतो आणि मंडळींतलेच, पण तिथे न आलेले प्रोफेसर दामले व बेणारेबाई यांच्यातला एक प्रसंग रचतो. साक्ष सरळ सरळ खोटी आहे, तरी घाव वर्मी बसतो. कारण बाई खरोखरच गरोदर आहेत आणि मूल दामल्यांचेच आहे. सर्वांत निष्पाप माणसाच्या खोट्या बोलण्यातून सत्य बाहेर यावे, याहून विषारी विनोद मराठी रंगभूमीवर क्वचितच झाला असेल. यानंतर सुखात्मे दोन्ही बाजूंची वकिली एकटेच करतात, आणि न्यायाधीश काशीकर स्वतःच्या आसनावरून उतरून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहतात, तरी कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही.

दामले मात्र कधीच येत नाहीत. त्यांच्या नावाचा पुकारा होतो, ते गैरहजर असल्याची नोंद होते आणि कामकाज पुढे सरकते. ज्या पुरुषाशिवाय हा खटलाच उभा राहिला नसता, त्याच्यावर कोर्ट दोन वाक्येसुद्धा खर्च करत नाही.

निकाल ऐकताना आरोपाचे शब्द आठवावेत. गर्भ मारल्याच्या आरोपावरून सुरू झालेला खटला, मातृत्वाच्या पावित्र्यावर प्रवचन देऊन, बाईंच्या पोटातला गर्भ नष्ट करावा, या शिक्षेपाशी संपतो. त्या वेळी वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झालेला नव्हता. तो १९७१ मध्ये आला, आणि त्याच्या शिफारशी करणारी समिती महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये नेमली गेली होती. म्हणजे ज्या प्रश्नावर सरकार दरबारी विचार चालला होता, त्यावर हे कोर्ट एका संध्याकाळी निकाल देऊन मोकळे होते.

(दृश्य : अंधार. केवळ एका बाईवर प्रकाश.)

शिक्षेआधी आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद दिले जातात. त्या दहा सेकंदांत बेणारेबाईंचे ते प्रसिद्ध, दीर्घ स्वगत येते : कोवळ्या वयात सख्ख्या मामाने केलेला विश्वासघात, मग दामल्यांच्या बुद्धीवर जडलेली भक्ती, आणि येणाऱ्या मुलासाठी जगण्याची धडपड. अनेक अभिनेत्रींनी ते गाजवले आणि स्पर्धांतून ते सुटे सादर करण्याची प्रथाच पडली. पण सुटे केले की त्यातली मेख निसटते. संहितेत ती बोलत असताना बाकीचे सारे जागच्या जागी थिजलेले असतात, आणि तिचे बोलणे संपताच काशीकर जाहीर करतात की आरोपीला काही सांगायचे नाही. म्हणजे तिने जे सांगितले, ते आपण प्रेक्षकांनी ऐकले, कोर्टाने नाही. या स्वगताला बचावाचे भाषण म्हणणे त्यामुळे मला पटत नाही. बचाव ऐकायला समोर कोणीतरी असावे लागते.

मग दार उघडते, प्रयोगाला आलेले गावकरी डोकावतात, आणि मंडळी खेळ होता, मनावर घेऊ नका, असे म्हणत तयारीला लागतात. बाई पडूनच असतात. सामंत पुतण्यासाठी घेतलेला हिरव्या कापडाचा पोपट हळूच त्यांच्याजवळ ठेवतो आणि पाय न वाजवता निघून जातो.