वाळू: घुसणाऱ्यांची आणि बांधणाऱ्यांची

मंडळी, सुरुवात या ताटापासून करतो. मागच्या रांगेतल्यांनी उभं राहून बघितलं तरी चालेल. हे घरातलं खोल ताट, ही आमटीची वाटी आणि ही ओलसर वाळू. वाटीत वाळू दाबून भरली, ताटात उलटी केली, वरून दोन टिचक्या मारल्या. झाली मूद. भाताची पडते तशीच, कडा शाबूत. आता कडेकडेनं पाणी ओततो. घाई करत नाही, म्हणजे कुणी म्हणायला नको की धारेनं मोडली. बघा, पाणी पायथ्याला लागलं. पायथा गडद झाला. आता डावी बाजू खचली, वरचा थर घसरला... गेली मूद. पसरट ढीग उरला.

पाण्याखाली वाळू चिकटत नाही. घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, बिळात राहणाऱ्या माशांसाठी वाळू निवडताना पहिली गोष्ट ही ध्यानात ठेवायची आणि दुकानात नेमकी हीच कुणी सांगत नाही. ओलसर वाळूच्या दाण्यादाण्यांत पाण्याचे बारीक पूल असतात. ते दाण्यांना धरून ठेवतात, कारण भोवती हवा असते. सगळं पाण्यात बुडालं की हवा गेली, हवेबरोबर पूल गेले आणि दाणा मोकळा झाला. किनाऱ्यावर मुलांनी बांधलेला किल्ला भरतीची लाट अंगावर यायच्या आधीच का ढासळतो? पाणी खालून चढतं म्हणून.

आपण सगळे कोकणात जाणारे लोक. किनाऱ्यावर खेकड्यांची भोकं बघितली आहेत, त्यांनी भोवती मांडलेल्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी बघितली आहे. त्यामुळे आपला समज होतो की वाळूत बीळ टिकतं. ते बीळ ओहोटीच्या ओलसर वाळूत असतं. खाडीत निवटी बीळ करते, पण ते चिखलात, आणि चिखल अंगचाच चिकट. तुमच्या टाकीत चिखलही नाही आणि हवाही नाही. तिथे मासा बीळ करतो म्हणजे नेमकं काय करतो, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता.

मी बांधकामावरचा माणूस. तीस वर्षं वाळू, कच आणि खडी यांच्यात गेली. आमच्याकडे वाळू आली की आधी चाळण्यांच्या उतरंडीत टाकायची: 4.75 मिलीमीटर, खाली 2.36, मग 1.18, मग 600, 300 आणि 150 मायक्रॉन. प्रत्येक चाळणीवर किती अडकलं ते वजन करायचं. सगळे दाणे एकाच मापाचे निघाले तर ती वाळू काँक्रीटला चांगली नाही. मोठ्यांच्या फटीत मधले बसले पाहिजेत, मधल्यांच्या फटीत बारीक, तेव्हा कुठे माल एकमेकाला धरून बसतो. उलट गाळणीच्या टाकीला एकाच मापाची लागते, म्हणजे पाणी वाट काढतं. वाळू चांगली की वाईट असं गवंडी कधी म्हणत नाही. तो विचारतो, कशाला पाहिजे? आपण मात्र दुकानात जाऊन “मरीन टँकसाठी चांगली वाळू द्या” म्हणतो.

आता माझ्या पिवळ्या रॅसची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ज्यांनी आधी ऐकली आहे त्यांनी पुन्हा ऐकावी, कारण त्या माशाचं माझ्यावर देणं आहे.

तीन फुटांची टाकी होती, पाणी पिकून, म्हणजे माशांना राहण्याजोगं होऊन, दोन महिने झालेले. एका दुकानातून पिवळा रॅस आणला. तुम्ही बघितला असेल, अख्खा लिंबासारखा पिवळा, पाठीच्या परावर काळे ठिपके. या माशाची रीत अशी की संध्याकाळी उजेड उतरला की तो डोकं खाली करून वाळूत सूर मारतो आणि सकाळपर्यंत वाळूखाली झोपतो. घाबरला तरी तेच. वाळू हेच त्याचं अंथरूण आणि पांघरूण. मी दुकानात हे सांगितलं होतं. मला “कोरल सँड, मरीनला हीच लागते” म्हणून दोन पिशव्या दिल्या. नावात सँड होतं, मी विश्वास ठेवला. साइटवर कुणी मला असा माल दिला असता तर ट्रक परत पाठवला असता.

पहिल्या संध्याकाळी दिवा मंद केला आणि समोर बसलो. मासा वळला, सूर मारला आणि थडकून बाजूला पडला. पुन्हा मारला. तिसऱ्या वेळी शेपटी जोरात हलवत अर्धा आत गेला, खडे दोन्ही बाजूंनी त्याच्या अंगावर सरकले आणि तो उसळून बाहेर आला. नंतर कोपऱ्यात काचेला लागून आडवा झाला. नवीन आहे, सवय होईल, असं मी घरच्यांना सांगितलं. चौथ्या दिवशी खालच्या ओठावर पांढरा ओरखडा दिसला. सहाव्या दिवशी तो कापसासारखा फुगला. नवव्या दिवशी खाणं सोडलं. बाराव्या दिवशी सकाळी तो मला वाळूवर सापडला. वाळूत नाही, वाळूवर. ज्याला रोज रात्री वाळूत जायचं होतं तो बारा रात्री उघड्यावर झोपला.

त्यानंतर त्या पिशवीतला उरलेला माल मी साइटवर नेला आणि चाळणीला लावला. तीन चतुर्थांशाहून जास्त माल 2.36 च्या चाळणीवरच राहिला. दाणे फुटलेले, टोकदार, काही नखाएवढे. म्हणजे ती बारीक खडी होती. एक दाणा भिंगाखाली धरला तर त्यावर प्रवाळाची फुलं स्पष्ट दिसत होती, चांदणीच्या आकाराची. दुसरा घोर मला तिथून लागला. दगडी प्रवाळ आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. ती पिशवी कुठून भरली गेली हे मी विचारायला गेलो तेव्हा मला उत्तर मिळालं नाही. तुम्ही विकत घ्यायच्या आधी विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. मासा माझा मेला, पण ती फुलं कुठल्या तरी खडकावरची होती.

आणि किनाऱ्यावरून पिशवी भरून आणू का, हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून आधीच सांगतो. आणू नका. किनारपट्टी नियमन क्षेत्रातून वाळू उपसायला बंदी आहे हे एक. दुसरं असं की आपल्या किनाऱ्याची वाळू या कामाची नाही. रत्नागिरीत काळा समुद्र आणि पांढरा समुद्र एकाच गावात आहेत, नावं वाळूवरूनच पडली. पुढच्या वेळी गेलात की एक लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून काळ्या वाळूतून फिरवा. पिशवीवर काळी लव उगवते. ती लोहयुक्त खनिजं. टाकीत काच पुसायच्या चुंबकाला हीच चिकटतात आणि एका फेरीत काचेवर ओरखडा काढतात, तो जन्मभर दिसतो.

वाळू येते कुठून, हाही माझ्या आवडीचा भाग आहे. प्रवाळबेटांवरची पांढरी वाळू बरीचशी पोपटमाशांच्या पोटातून आलेली असते. ते खडकावरचं शेवाळ खरवडताना खडकही चावतात, घशात दळतात आणि मागे वाळू सोडतात. एकेक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. आणि बहामाच्या उथळ समुद्रात जी वाळू होते तिला तर मी संक्रांतीचा हलवाच म्हणतो. आपल्या आज्या कोमट परातीत खसखस फिरवत राहायच्या, वर थेंब थेंब पाक, दाण्यावर थरावर थर. तिथे कोमट पाण्यात बारीक कण लाटेनं गडगडत राहतो आणि त्यावर चुन्याचे थर चढतात. फरक इतकाच की हलव्याला काटा येतो आणि हा दाणा गुळगुळीत निघतो. पिशवीवर ऊलिटिक लिहिलेलं असतं ती ही वाळू. रॅसला याहून मऊ अंथरूण नाही.

मला चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली आहेत. जाहिरातीत “छोट्या टाकीसाठी वाळूची निवड” असं छापलं आहे आणि निवडीवर मी अजून आलोच नाही. तर भरभर सांगतो, लिहून घ्या.

बिळातले मासे दोन जातींचे समजा. घुसणारे आणि बांधणारे. रॅस घुसणारा. त्याला बीळ नको, त्याला वाळू बाजूला सरून पुन्हा अंगावर यायला हवी. म्हणजे चिकटत नाही हा वाळूचा दोष त्याच्या उपयोगाचा. त्याला एकाच मापाची, गोल दाण्याची वाळू द्या, अर्धा ते एक मिलीमीटर, थर पाच ते सात सेंटीमीटर. रॅसला दोन फुटांची टाकी पुरत नाही, तीनच्या खाली जाऊ नका.

जॉफिश, म्हणजे मोठ्या जबड्याचा मासा, आणि पिस्तूल कोळंबी, म्हणजे नांगी फाटकन वाजवणारी, हे बांधणारे. पिवळ्या डोक्याचा जॉफिश कॅरिबियन समुद्रातला, जेमतेम दहा सेंटीमीटरचा, आणि माझ्या मते जगातला उत्तम गवंडी. तोंडात एकेक शिंपला, एकेक खडा आणून बिळाची भिंत रचतो, आणि रात्री दारावर एक दगड ओढून घेतो. त्याला नुसती ऊलिटिक दिलीत तर ताटातल्या मुदीसारखं रोज बीळ ढासळतं, तो रोज उपसतो आणि थकतो. त्याला काँक्रीटची मिसळ द्या: दोन भाग बारीक वाळू, एक भाग दोन ते पाच मिलीमीटरचा कच, वर मूठभर शिंपल्यांचे तुकडे आणि लहान खडे. थर निदान दहा सेंटीमीटर, पंधरा मिळाला तर उत्तम. आणि झाकण हवंच, तो उडी मारतो.

दोन फुटांच्या टाकीत खरी मजा पाहिजे असेल तर पिवळा वॉचमन गोबी हा मासा आणि पिस्तूल कोळंबी ठेवा. कोळंबीला नीट दिसत नाही, ती एक मिशी सतत गोबीच्या अंगावर ठेवून बाहेर येते. धोका दिसला की गोबी शेपूट थरथरवतो आणि ती आत. खणते ती, पहारा तो. तिलाही मिसळच लागते, कारण छपराला खडे लागतात. थर सात-आठ सेंटीमीटर पुरे.

वजनाचा हिशेब करा. 60 गुणिले 30 सेंटीमीटरचा तळ आणि दहा सेंटीमीटर थर म्हणजे 18 लिटर, म्हणजे साधारण 27 किलो. स्टँड बघून घ्या. एवढं सगळीकडे नको असेल तर डब्याची युक्ती करा. स्वयंपाकघरातला पंधरा सेंटीमीटर उंच प्लास्टिकचा डबा खोल वाळूनं भरा, पुढून दगड लावून झाका, बाकी तळावर पातळ थर. मासा डबा शोधून काढतो. माझ्या दुसऱ्या रॅसनं पहिल्याच संध्याकाळी शोधला आणि तीन दिवस बाहेर आला नाही. नव्या जागेत असं होतं, उकरून बघू नका.

दगड आधी थेट काचेवर ठेवा, वाळू नंतर. वाळूवर दगड रचलात तर खणणारा मासा पाया काढून घेतो आणि दगडाखाली तोच चेंगरतो.

सिलिका, म्हणजे क्वार्ट्झची वाळू, वापरू का? चालते. क्वार्ट्झ समुद्राच्या पाण्यात अगदी सावकाश विरघळतो, त्याची भीती जास्त घातली जाते. फक्त दाणा गोल हवा. क्रश सँड नको, ती दगड फोडून केलेली, धारदार असते. आणि चुन्याची वाळू पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, सांभाळते असंही सांगितलं जातं. टाकीचा पीएच 8 च्या वर असताना ती विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, तेव्हा तेवढ्यासाठी जास्त पैसे देऊ नका. चुन्याची आहे की नाही ते व्हिनेगरच्या दोन थेंबांनी कळतं, फेस आला की चुना.

पाच-सहा महिने जुना खोल थर कधी ढवळू नका. खाली प्राणवायू नसतो, काळे पट्टे दिसतात, सडक्या अंड्याचा वास येतो तो तिथल्या वायूचा, आणि तो वायू माशाला विष आहे. वरचे थर मासे हलवतात तेवढं पुरे.

झालं, वेळ संपली. या तीन बश्या रांगेतून फिरवतो. पहिलीत ऊलिटिक, दुसरीत जॉफिशची मिसळ, तिसरीत त्या पिशवीतली खडी, मी जपून ठेवली आहे. बोटं आत खुपसून बघा, रॅसच्या तोंडाला काय वाटत असेल ते बोटाला कळेल. फक्त ताटातल्या पाण्यात हात बुडवलेल्यांनी आधी पुसून घ्या, पहिली बशी मला कोरडी घरी न्यायची आहे.