फ्लाउट : पाव्यातून आलेली हेटाळणी

एका बेटावर तिघं जण. स्टेफानो हा दारू ढोसलेला बटलर, ट्रिंक्युलो हा विदूषक आणि कॅलिबन हा तिथला गुलाम. बेटाचा धनी प्रॉस्पेरो याचा काटा काढायचा, असा बेत नुकताच ठरलाय. त्या भरात गाणं सुरू होतं : ‘फ्लाउट देम, स्काउट देम’. उडवा त्यांची टर, हिणवा त्यांना! पण कॅलिबन अडवतो. म्हणतो, चाल ही नव्हे. तेवढ्यात प्रॉस्पेरोच्या सेवेतला अदृश्य आत्मा एरियल ती चाल वाजवू लागतो. ढोलकं आणि पाव्यावर.

हे शेक्सपिअरचं ‘द टेम्पेस्ट’. १ नोव्हेंबर १६११ रोजी इंग्लंडच्या राजासमोर या नाटकाचा प्रयोग झाल्याची नोंद आहे.

एरियलच्या हातातला हा पावा जवळून बघा. याला भोकं तीनच. त्यामुळे तो एका हातानं वाजतो. त्याच हाताला ढोलकं अडकवायचं आणि दुसऱ्या हातानं टिपरू मारायचं. एकच माणूस, सूरही त्याचा आणि ठेकाही त्याचाच. गावोगावच्या नाचांना हीच साथ असे.

आता शब्दाकडे येऊ. ‘फ्लाउट’ म्हणजे तुच्छता उघड दाखवणं. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तो इंग्रजीत या अर्थानं सापडतो. तो आला बहुधा ‘फ्लाउटेन’वरून, आणि या मध्ययुगीन इंग्रजी क्रियापदाचा अर्थ होता बासरी वाजवणं! शेजारच्या डच भाषेत ‘फ्लाउटेन’ म्हणजे शिट्टी मारणं, बासरी वाजवणं. पूर्वी त्याच शब्दात हुर्यो उडवणंही येई. जर्मन माणूस आजही एखादी गोष्ट खिजगणतीत धरत नसेल, तर म्हणतो, ‘इश फाइफं द्राउफ’. मी त्यावर शिट्टी मारतो!

आपल्याकडे लावणीला शिट्टी पडली की ती दाद असते. युरोपातल्या फुटबॉलच्या मैदानात मात्र हजारो शिट्ट्या एकदम वाजल्या, की खेळाडूनं समजायचं, प्रेक्षक खवळलेत. हे एकदा ध्यानात घेतलं की बासरीपासून हेटाळणीपर्यंतची वाट मुळीच लांब वाटत नाही. मला तर ‘द टेम्पेस्ट’मधला तो पावा या शब्दाचं सर्वांत बोलकं चित्र वाटतो.

गाण्यातला दुसरा शब्द ‘स्काउट’. बालवीरांचा स्काउट वेगळा, हा वेगळा. हा आला उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून, टोमणा या अर्थाच्या शब्दापासून.

शेक्सपिअरच्या काळात ‘फ्लाउट’ व्हायचं ते मुख्यतः माणसाला, तोंडावर. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधल्या हेलेनाला वाटतं, लायसँडर प्रेमाचं सोंग करून आपली थट्टा करतोय, तेव्हा ती हाच शब्द वापरते. त्यातली जखम खरी आहे. आज हा शब्द भेटतो तो बातम्यांत, कायद्यांच्या आणि नियमांच्या सोबत. मराठी बातमीत नियम ‘धाब्यावर बसवले’ जातात, तिथे इंग्रजी बातमी ‘फ्लाउट’ लिहिते. नियम मोडला एवढंच त्यात नाही. मोडणाऱ्यानं त्याची किंमत शून्य ठरवली, हेही त्यात येतं. चुकून सिग्नल तोडणाऱ्याला हा शब्द लावणं अन्यायाचं आहे.

आणि ‘फ्लाँट’शी याची गल्लत नको. ‘फ्लाँट’ म्हणजे मिरवणं. चांगले इंग्रजी लिहिणारेही इथे घसरतात. नवी गाडी मिरवली तर ‘फ्लाँट’. तीच गाडी पोलिसांदेखत, बेधडक, एकेरी रस्त्यावर उलटी घातली, तर ‘फ्लाउट’.